आहेराची यादी

लग्नात आहेर काय हवा, हे विचारलेलं आपल्याकडे चालतं, सांगितलेलं चालत नाही. विचारणारा विचारतो, "काय घेऊ रे तुला?" उत्तर ठरलेलं असतं, "काही नको, तुम्ही या म्हणजे झालं." मग विचारणारा आपल्या मनाने भिंतीवरचं घड्याळ आणतो. दुसराही घड्याळच आणतो. लग्नानंतर दोन खोल्यांच्या घरात पाच घड्याळं होतात आणि त्यातली चार पुढच्या वर्षभरात दुसऱ्यांच्या लग्नात पोचती होतात. आमच्याकडे तर एक लेमन सेट फिरत फिरत ज्यांनी दिला त्यांच्याच घरी परत गेला होता. असो.

यंदा आमच्या घरातल्या एका लग्नाचं आमंत्रण अमेरिकेतून आलं आणि पाठोपाठ एक लिंक आली. उघडली तर दुकानाची यादी. टॉवेलचे संच, चादरी, सुऱ्या, कुकर, प्रत्येकाचा फोटो आणि किंमत. कुणी एखादी वस्तू घेतली की तिच्यापुढे तशी खूण पडते, म्हणजे दुसरा तीच घेत नाही. यालाच तिकडे 'वेडिंग रजिस्ट्री' म्हणतात. तरुण मंडळींनी पाच मिनिटांत काम उरकलं. वडीलधाऱ्यांत मात्र दोन दिवस कुजबुज. "म्हणजे आता आहेर मागून घ्यायचा?" हा एकूण सूर.

मला दोन्ही बाजू पटत होत्या, म्हणून ही यादी आली कुठून ते शोधायला बसले. शोधता शोधता आपल्याकडच्या याद्याही आठवायला लागल्या, आणि लक्षात आलं की लग्न आणि यादी यांचं नातं आपल्याकडे काही कमी जुनं नाही.

आधी अमेरिकेची गोष्ट.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिकडेही लग्नातल्या भेटी म्हणजे घरच्या माणसांनी द्यायच्या उपयोगी वस्तू. गोधड्या, चादरी, भांडी, एखादी गाय. मुलगी लहानपणापासून एका पेटीत स्वतः शिवलेलं-विणलेलं साठवायची. हे आपल्याला परकं वाटू नये, आपलं रुखवत याच जातीचं. मग शहरं वाढली, मध्यमवर्गाच्या हातात पैसा आला आणि १८५९ साली नेवाडात कॉमस्टॉकची चांदीची खाण सापडली. चांदी उतरली. जी चांदीची भांडी आधी फक्त श्रीमंतांच्या टेबलावर असत ती डॉक्टर-वकिलांच्या घरी दिसू लागली. कारखानदारांनीही मग डोकं चालवलं. जेवायचा काटा वेगळा, माशाचा वेगळा, कालवांचा वेगळा, स्ट्रॉबेरीचा वेगळा, लोणच्याचा वेगळा! आणि प्रत्येक संचाची आपली नक्षी. गोरहॅम कंपनीची 'शँटिली' नावाची नक्षी १८९५ साली बाजारात आली आणि पुढे कित्येक पिढ्या विकली गेली.

आता अडचण बघा. आपल्याकडे पाच जणांनी पाच वेगवेगळ्या घाटाची पातेली दिली तरी आमटी शिजते. पण तिथे बारा माणसांचं टेबल मांडायचं तर बाराही काटे एका नक्षीचे हवेत. मामाने एका नक्षीचे चार आणले आणि काकूने दुसऱ्या नक्षीचे सहा, तर एकही पंगत धड होत नाही. म्हणजे वधूने कोणती नक्षी निवडली हे सगळ्यांना कळणं गरजेचं. पण सांगायचं कसं? शिष्टाचाराची पुस्तकं तर बजावत होती की भेटीचा उल्लेखसुद्धा करायचा नाही. अमेरिकन माणूस याबाबतीत आपल्यापेक्षा निर्भीड असेल असं मला वाटायचं. तसं काही नाही. रजिस्ट्रीची माहिती लग्नपत्रिकेवर छापणं हे तिकडे अजूनही बरेच लोक असभ्य मानतात. ती वधूच्या आईला किंवा मैत्रिणीला विचारून घ्यायची. म्हणजे विचारणं चालतं, सांगणं चालत नाही. फरक कुठे आहे सांगा!

ही कोंडी दुकानदाराने सोडवली. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर मार्शल फील्ड नावाचं अवाढव्य दुकान होतं. मूळ मालक १९०६ मध्ये वारला, पण बाईमाणसाला हवं ते द्या, वाद घालू नका, हे त्याचं धोरण दुकानात टिकून राहिलं. या दुकानाने १९२४ साली वधूंसाठी नोंदणी सुरू केली, आणि आजच्या रजिस्ट्रीची सुरुवात साधारणपणे तिथून धरतात. एखाद-दुसरा चिनी मातीच्या भांड्यांचा दुकानदार त्याआधीही गिऱ्हाइकांच्या आवडी टिपून ठेवत असेल, पण एवढ्या मोठ्या दुकानाने त्याची पद्धत केली आणि बाकीच्यांनी ती उचलली.

पद्धत साधी. साखरपुडा झाला की मुलगी, बहुतेक वेळा आईबरोबर, दुकानात यायची. तिच्यासाठी नेमलेली बाई तिला बसवून चिनी मातीची, काचेची आणि चांदीची नक्षी निवडायला मदत करायची. मग एका कार्डावर मुलीचं नाव, लग्नाची तारीख, निवडलेली नक्षी, किती नग हवे. पाहुणा दुकानात आला की मुलीचं नाव सांगायचा, ती बाई कार्ड काढायची, आणि त्याने आठ बशा घेतल्या की आठची नोंद करायची. मागणाऱ्याला तोंड उघडावं लागलं नाही, देणाऱ्याला डोकं खाजवावं लागलं नाही, आणि मध्ये उभ्या असलेल्या दुकानाचा गल्ला भरला. शिवाय दुकानदाराच्या दृष्टीने खरा लाभ पुढे होता. ज्या मुलीने पहिल्या बशा इथून घेतल्या तिच्या फुटलेल्या बशीची जोडही इथूनच जाणार, आणि बाळाचा पाळणाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत लग्नांची नुसती लाट आली. एकट्या १९४६ साली तिथे सुमारे २३ लाख लग्नं लागली. नवरा-नवरी एका गावचे, नातेवाईक दहा गावचे, नोकरी तिसऱ्याच राज्यात. अशा वेळी घरचा निरोप पोचण्यापेक्षा दुकानाचं कार्ड जास्त भरवशाचं. पुढच्या दोन-तीन दशकांत नोंदणी ही तिथली रीत होऊन गेली. १९९३ मध्ये टार्गेट या साखळी दुकानाने कार्डाच्या आणि त्या बाईच्या जागी गिऱ्हाइकाने स्वतः वापरायचा संगणक ठेवला. मग हातात बारकोड वाचणारी 'बंदूक' आली, जोडपी ती घेऊन दुकानभर वस्तूंवर नेम धरत हिंडू लागली. नव्वदीच्या अखेरीस यादी इंटरनेटवर गेली. शिकागोचं ते मूळ दुकान मात्र २००६ साली मेसीज या नावात विरघळलं. तेव्हा पाटी बदलली म्हणून शिकागोकर रस्त्यावर उतरले होते.

रजिस्ट्री म्हणजे सगळी अमेरिका, असंही नाही. इटलीहून गेलेल्या कुटुंबांत नवरी साटिनची पिशवी घेऊन बसायची आणि पाहुणे तीत पैशांची पाकिटं टाकायचे. ज्यू लोकांत १८ च्या पटीत पैसे देतात, कारण हिब्रूत 'जीवन' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज १८ होते. आपल्या एकशे एकच्या वरच्या एका रुपयाचे हे सख्खे भाऊ. तिकडच्या आपल्या लोकांच्या पत्रिकांवर तर 'नो बॉक्स्ड गिफ्ट्स प्लीज' असं छापलेलं असतं. 'खोकी नकोत' या दोन शब्दांत 'पाकीट चालेल' हे सांगून टाकण्याचं कसब वाखाणण्यासारखं आहे.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात गंमत वाटली ती १९४७ सालच्या एका लग्नाची. २० नोव्हेंबर १९४७ रोजी इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. भेटी आल्या २,५०० हून जास्त. सेंट जेम्स राजवाड्यात त्यांचं प्रदर्शन मांडलं होतं, यादी छापली होती. त्यातल्या दोन भेटी आपल्याकडच्या. एक हैदराबादच्या निजामाची. आपला मराठवाडा तेव्हा त्याच्याच राज्यात होता. त्याने लंडनच्या कार्तिए या जवाहिऱ्याला कळवून ठेवलं की राजकन्येने स्वतः येऊन काय ते निवडावं, पैसे आमचे. तिने हिऱ्यांचा मुकुट आणि हार निवडला. ही एका नावाची रजिस्ट्रीच झाली की! दुसरी भेट गांधीजींची. स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं एक वस्त्र, मधोमध 'जय हिंद'. माउंटबॅटन ते लंडनला घेऊन गेले. थोरल्या राणीसाहेब, क्वीन मेरी, यांना तो गांधींचा पंचा वाटला आणि त्या फार नाराज झाल्या अशी कथा आहे. एकाने विचारून दिलं, एकाने न विचारता. घेणारीला काय हवंय याचा मान ठेवणं ही एक भेट, आणि देणाऱ्याने आपल्या हाताचं काही देणं ही दुसरी. रजिस्ट्रीने पहिली सोपी केली. तिच्यामुळे दुसरी मागे पडते, ही वडीलधाऱ्यांची तक्रार अगदीच खोटी नाही.

आता आपल्या याद्या.

'यादी' हा शब्द फारसी 'याद' वरून आला, म्हणजे मूळ अर्थ आठवण. विसरू नये म्हणून लिहून ठेवलेलं ते यादी. पेशवाईच्या कागदांत याद्याच याद्या सापडतात. सवाई माधवरावांचं १७८३ साली पुण्यात लग्न झालं, तेव्हा नाना फडणिसांच्या देखरेखीखाली कोणी कुठे उभं राहायचं, काय वाढायचं, कोणाचा मान कसा ठेवायचा याची तपशीलवार यादी झाली होती. पण घरोघरच्या लग्नात 'याद्या झाल्या' याचा अर्थ वेगळा. दोन्हीकडची मोठी माणसं बसून कागदावर लिहून घेतात. हुंडा किती, सोनं किती, मानपानाची लुगडी किती, जेवणावळ कोणाकडे. त्यावर सह्या होतात, सुपारी फुटते. गावाकडे याद्यांच्या बैठकीतच त्याच दिवशी लग्न उरकायचं ठरलं की 'यादी पे शादी' म्हणतात. खर्च वाचतो म्हणून ते कौतुकाचंही असतं.

तेव्हा "मागून घ्यायचं का?" या प्रश्नावर मला जरा हसूच आलं. आपण मागत नाही, हे खरं नाही. आपण यादी करून, पान-सुपारी ठेवून, चार पंचांसमोर मागत आलो आहोत. फरक एवढाच की ती यादी मुलीची नसायची, मुलाच्या घरची असायची. रजिस्ट्रीत दोघं मिळून कुकर मागतात, आणि तोही दोनशे लोकांत वाटून, ज्याला झेपेल त्याने घ्यावा अशा बोलीवर. याद्यांत एकच माणूस सगळं द्यायचा, मुलीचा बाप.

दुसरी यादी लग्नानंतरची, म्हणजे खरं तर लग्नातच मांडवाच्या कडेला बसून लिहिलेली. आहेराची वही. आमच्या आजोबांची अजून घरात आहे. लाल कापडी पुठ्ठा, आडवी बांधणी, शाईने लिहिलेली नावं. एका पानावर आत्याच्या लग्नाचे आहेर आहेत, साल १९६२. नाव, गाव, आणि पुढे 'रु. ५', 'रु. २', 'पातेले १', 'खण १', 'तांब्या १'. काही नावांपुढे वेगळ्या शाईने बारीक फुली आणि दुसरं साल. म्हणजे त्यांच्याकडच्या लग्नात आपण फेड केली. ज्यांच्यापुढे फुली नाही त्यांचं देणं अजून बाकी! गावाकडे ही वही माइकवरून वाचलीही जाते. अमुक पाहुण्यांकडून एकशे एक रुपये, हे सगळ्या मांडवाला ऐकू जातं, आणि पुढच्या खेपेला आपण किती द्यायचं ते तिथेच ठरतं.

मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला, तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे शिकागोत कार्डं सुरू झाली त्याच सुमाराला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की भेट कधीच फुकट नसते. देणं, घेणं आणि परत देणं ही तिन्ही बंधनंच असतात, आणि समाज या देण्याघेण्यानेच बांधलेला असतो. पॅसिफिकमधली बेटं आणि उत्तर अमेरिकेतल्या जमाती यांच्याबरोबर त्याने महाभारतातल्या अनुशासनपर्वाचाही आधार घेतलाय. आजोबांची वही त्याला दाखवली असती तर त्याने तिच्यावर एक प्रकरण लिहिलं असतं. फुल्यांसकट.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. शिकागोच्या कार्डावर काय हवं ते लिहिलेलं असे. आजोबांच्या वहीत कोणी दिलं ते लिहिलेलं आहे. कार्डाचा विषय लग्न झालं की संपायचा. वही मात्र तीस-तीस वर्षं चालायची. कार्ड दुकानाकडे राहायचं, वही घरच्या कर्त्याकडे. आम्हा मराठी लोकांना रजिस्ट्री कोरडी वाटते ती त्यामुळे असावी. वस्तू पोचते, पण नातं कोणाच्या वहीत चढत नाही.

पण मला सतावणारा प्रश्न तिसराच आहे. दिलेली वस्तू कोणाची झाली?

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. तिथल्या जुन्या इंग्लिश कायद्याप्रमाणे लग्न झालं की बाईची चीजवस्तू नवऱ्याची व्हायची. न्यूयॉर्कने १८४८ मध्ये आणि शिकागो ज्यात येतं त्या इलिनॉयने १८६१ मध्ये विवाहितेचा तिच्या मालमत्तेवरचा हक्क कायद्याने मानला. चांदीच्या भांड्यांवर आणि कापडांवर वधूच्या माहेरच्या नावाची आद्याक्षरं कोरायची रीत तिकडे होती. नुसती शोभा नव्हती ती. हे तिचं, असं सांगणारी खूण होती. मार्शल फील्डचं कार्डही वधूच्या नावाने निघायचं.

आपण भांड्यांवर काय कोरलं? देणाऱ्याचं नाव. 'चि. सौ. कां. अमुक हिस तमुक यांजकडून सप्रेम भेट', खाली तारीख. पितळेवर कोरलं, पितळ गेल्यावर स्टीलवर कोरलं. भांड्यांच्या दुकानाबाहेर नाव घालणारा माणूस मशिन घेऊन बसलेला असायचा, ते कुरकुर आवाजात उमटणारं ठिपक्याठिपक्यांचं अक्षर बघायला आम्हाला फार आवडायचं.

इथे आत्याची गोष्ट सांगायलाच हवी. तिला विचारून लिहितेय. लग्नानंतर काही वर्षांनी तिला सासर सोडून माहेरी यावं लागलं. का, ते इथे महत्त्वाचं नाही. आजोबा तिची चीजवस्तू परत मागायला गेले तेव्हा वही बरोबर घेऊन गेले. त्यात सगळं होतं आणि काहीच नव्हतं. दिलेले पैसे आजोबांच्या हिशोबात जमा होऊन मांडवाच्या खर्चात गेलेले. वस्तू कोणी दिल्या ते लिहिलेलं, पण त्यातलं काय आत्याबरोबर सासरी गेलं, ते कुठेच नाही. दागिन्यांची नोंद नाही, साड्यांची नाही. समोरच्यांनी शांतपणे विचारलं, "यातलं आमच्याकडे काय आलं ते दाखवा." शेवटी परत आली ती फक्त ज्यांच्यावर नावं होती ती भांडी. दोन पातेली, एक तांब्या, एक परात, वाट्या. मामाचं नाव, मावशीचं नाव. देणाऱ्यांची हौस तिच्या उपयोगी पडली, एवढंच. चांदीचं ताट नाव न घालता दिलं होतं, ते गेलं.

असं नाही की आपल्या परंपरेला हा प्रश्न सुचलाच नव्हता. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार दिलेत. विवाहाच्या अग्नीसमोर दिलेलं, वरातीच्या वेळी मिळालेलं, प्रेमाने दिलेलं, आणि भाऊ, आई, बाप यांच्याकडून मिळालेलं. ही पण एक यादीच. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात स्त्रीधनावर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. शास्त्रकारांनी त्यावर किती खल केला ते तिथे बघावं. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, लग्नात मिळालेल्या भेटींसकट बाईच्या मालमत्तेवर तिचीच संपूर्ण मालकी असल्याचं स्पष्ट केलं. शास्त्रातही होतं, कायद्यातही आलं. नव्हती ती फक्त नोंद.

१९८५ साली यात दोन गोष्टी घडल्या. मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्याचा निकाल दिला. स्त्रीधन सासरच्या घरात आलं की ते दोघांचं होतं, असा विचार पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने मांडला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. सासरची माणसं त्या वस्तूंची फक्त सांभाळ करणारी, मालक ती. मागितल्यावर दिलं नाही तर तो फौजदारी विश्वासघात होऊ शकतो. तीन न्यायमूर्तींत एकाचं मत विरुद्ध होतं, इतका हा मुद्दा तेव्हा वादाचा होता.

दुसरी गोष्ट २ ऑक्टोबर १९८५ ची. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यातली दुरुस्ती त्या दिवशी लागू झाली आणि तिच्याबरोबर एक छोटीशी नियमावलीही. लग्नात न मागता दिलेल्या भेटी म्हणजे हुंडा नव्हे, पण त्यांची यादी झाली पाहिजे. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर, लेखी. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर काय नातं. आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या.

आता मला सांगा, तुमच्या ओळखीत ही यादी कोणी केलीय? मी गेले महिनाभर विचारतेय. वकील असलेल्या एका मैत्रिणीशिवाय कोणाला असा नियम आहे हेही ठाऊक नव्हतं. हॉलचा, केटररचा, मेंदीवालीचा हिशोब एक्सेलमध्ये असतो. ही यादी कुठेच नसते. मे २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला विचारलं की या नियमाची अंमलबजावणी होतेय का. अशी यादी असेल तर पुढे खोट्या आरोपांपासूनही संरक्षण मिळतं, हे न्यायालयाने बोलून दाखवलं. म्हणजे ती फक्त मुलीच्याच नाही, मुलाच्याही कामाची.

मुलीला किंवा मुलाला हे सुचवायचं कसं, हाच खरा पेच आहे. लग्नाच्या आठवड्यात "सगळं लिहून सह्या करा" म्हणणं म्हणजे अभद्र बोलणं असं घरच्यांना वाटतं. मोडण्याची तयारी आधीच का करायची, असं. मला ते पटत नाही. याद्यांच्या बैठकीत हुंडा लिहून घेताना कोणाला अभद्र वाटलं नव्हतं. वहीत पाच रुपये आणि खण लिहितानाही नाही. लिहिण्याची आपल्याला लाज कधीच नव्हती. फक्त मुलीच्या हातात लेखणी द्यायची सवय नव्हती.

म्हणून अमेरिकेतल्या त्या लिंकवर मी आता रागावत नाही. ती लिंक मुलीने आणि मुलाने मिळून केली, दोघांची नावं वर आहेत, आणि कोणी काय दिलं याची नोंद आपोआप होते. तिच्यात वहीची ऊब नाही हे कबूल. ती ऊब हवी असेल तर कुकरबरोबर हाताने लिहिलेलं पत्र जाऊ शकतं. नाहीतर मावशीने विणलेला रुमाल जाऊ शकतो. कोणी अडवलंय?

घरातल्या मंडळींना दोन विनंत्या. एक, जुन्या आहेराच्या वह्या कोणाकडे असतील तर रद्दीत घालू नका, मला फोन करा. भाव, नाती, गावं, सगळं त्यांत आहे. दोन, डिसेंबरात आपल्याकडे जे लग्न आहे त्यात रुखवताच्या टेबलाशेजारी एक वही ठेवायची असं मी नवऱ्या मुलीशी बोलून ठरवलंय. पाच रकाने: वस्तू, अंदाजे किंमत, कोणी दिली, नातं काय, कोणाला दिली. पाचवा रकाना नियमात नाही, कारण तिथे दोन वेगळ्या याद्याच आहेत. आपल्या एका वहीत मात्र तो लागेल. लिहायला माझी भाची बसणार आहे. शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या झाल्या की प्रत काढून दोन्ही घरी एकेक द्यायची. पेन मी आणते.